कॉफीच्या डोंगरावरून दाभोळच्या धक्क्यावर

आपल्या समाजात प्रवास पुष्कळ होतो, सहल मात्र फार कमी होते. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला नागपूर, वीस मार्चला महाड, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. पिशवीत भाकरी-चटणी, काखेत सतरंजी आणि गर्दीत हरवू नये म्हणून पोराच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी. असे प्रवास आपण सगळ्यांनी केले आहेत. पण चार दिवस नुसते हिंडायला, डोंगर बघायला, समुद्रावर बसायला म्हणून घराला कुलूप लावून निघालेले कुटुंब आमच्या नायगावच्या चाळीत मला फारसे आठवत नाही. त्या पैशांत पंखा येईल, पोरीची फी भरली जाईल, असा हिशेब आड येतो. आणि तो हिशेब काही खोटा नसतो.

आमचे निघणे झाले ते नातीमुळे. तिला शाळेत दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची माहिती लिहून आणायला सांगितली होती. बोगोटा हे डोंगरावरचे राजधानीचे शहर, मग कॉफीचे डोंगर, मग कार्ताहेना हे समुद्रकाठचे जुने बंदर. जगभरचे प्रवासी या तीन गोष्टी पाहायला तिथे जातात. कॉफीच्या त्या प्रदेशाला २०११ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. मला मात्र तिच्या वहीतली वेगळीच गोष्ट भावली. कार्ताहेना बंदरात आफ्रिकेतून जहाजे भरभरून माणसे आणून गुलाम म्हणून विकली जात. त्यांतले काही पळाले, रानात शिरले आणि त्यांनी स्वतःचे गाव वसवले. पालेंके असे त्याचे नाव. ते गाव आजही आहे आणि आपली भाषा, आपले ढोल राखून आहे.

"आजी, आपल्याकडे शहर, कॉफी आणि समुद्र असे तिन्ही कुठे आहे?" नातीने विचारले. मी म्हटले, समुद्र आणि शहर तर दारात आहे, कॉफी कुठली आणू? भाजी निवडता निवडता सूनबाई मान वर न करता म्हणाली, "माझ्या माहेरी पिकते."

कोणाला खरे वाटेना. आमच्या घरात कॉफी म्हणजे ताप आला की जायफळ उगाळून दिलेली. नाहीतर दादर-माटुंग्याच्या उडपी हॉटेलात पाहुण्याला पाजलेली. महाराष्ट्रात तिचे झाड असेल असे ध्यानीमनी नव्हते. पण अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यात कॉफी होते, हे खरे आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकणारी जागा अशीच त्या गावाची ओळख आहे.

इथे घरचे थोडे सांगायला हवे. आमचे सासर कोकणातले, मंडणगड तालुक्यातले. सूनबाई विदर्भाची. मुलाचे लग्न ठरले तेव्हा आमच्या भाऊजींनी तोंड वाकडे केले होते. "आपल्या मुलखातल्या मुली संपल्या काय?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. सगळे बौद्ध, सगळ्यांच्या भिंतीवर तीच तसबीर, लग्न लावायचे त्याच पद्धतीने. पण कोकणी, घाटावरचे, वऱ्हाडी हे मनातून जात नाही. सांगायला लाज वाटते, पण अनेक घरांत असेच आहे. लग्नाला पंधरा वर्षे झाली तरी दोन्ही घरांचे येणे-जाणे लग्नकार्यापुरतेच राहिले होते. तेव्हा मी ठरवले की आधी आम्ही त्यांचा मुलूख पाहायचा, मग व्याही-विहीणबाईंना घेऊन आमचा.

नोव्हेंबरात निघालो. मुलाला रजा मिळाली नाही. आमचे हे, मी, सूनबाई आणि नात असे चौघे रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने निघालो ते सकाळी अमरावतीत. आमचे हे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांची नोकरी गेली ती गेली. पुढे पहारेकरी म्हणून दिवस काढले. रात्री गाडीत त्यांना झोप लागत नाही. बडनेरा आले तेव्हा तेच सगळ्यांना उठवत होते.

अमरावती शहर मला आवडले. मोठे, पण धावत नाही. व्याही एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हाला दोन ठिकाणे आवर्जून दाखवली. पहिले अंबादेवीचे देऊळ. आत जायला नव्हे, बाहेरून दाखवायला. १९२७ साली या देवळात प्रवेश मिळावा म्हणून इथल्या अस्पृश्यांनी चळवळ उभारली होती आणि त्या नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी त्यांना कळली. हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्या गावात उभे राहून ऐकताना अंगावर काटा आला. परळच्या चाळीत ज्यांनी एकत्र दिवस काढले त्यांतला एक गेला आणि दुसरा इतक्या दूर, लोकांच्या कामात.

दुसरे ठिकाण गाडगेबाबांची समाधी. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे, आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. दादरला टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती आम्ही येता-जाता पाहतो. त्या नावाचा माणूस कुठल्या मातीतला, ते इथे कळले.

अमरावतीहून परतवाडा आणि तिथून घाट चढून चिखलदरा. एस. टी. वळणे घेत वर चढते, तसे कान बंद होतात आणि हवा बदलते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे गाव म्हणजे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण. खाली अंगात सदरा नको वाटत होता, वर स्वेटर काढावा लागला. आम्ही उतरलो सरकारी पर्यटक निवासात. ओळखपत्र दाखवले, पैसे भरले, किल्ली मिळाली. यापलीकडे कोणी काही विचारले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता कॉफीचे झाड. मी मनात चहाच्या मळ्यासारखे काही धरून चालले होते. सिनेमात दिसतात तसे उघडे, कापलेले डोंगर. तसे मुळीच नाही. कॉफीला सावली लागते. उंच झाडांच्या खाली तिची झुडपे असतात, छाटून छातीइतकी ठेवलेली. पाने गडद हिरवी, तेल लावल्यासारखी चकाकणारी. फांदीला लागूनच फळांचे घोस, काही हिरवी, काही पिवळसर, काही बोरासारखी लालबुंद. एकाच फांदीवर सगळ्या वयाची फळे, म्हणून यंत्राने ओरबाडून चालत नाही. पिकलेले तेवढे हाताने खुडायचे आणि आठवड्याने पुन्हा त्याच झाडाकडे यायचे.

तिथल्या माणसाने एक लाल फळ नातीच्या हातावर ठेवून दाबायला सांगितले. आतून पांढरट, बुळबुळीत असे दोन दाणे निघाले, एकमेकांना पोटाशी पोट लावून चिकटलेले. गर चाखला तर गोडसर. वासाला कॉफीचा मागमूस नाही! साल काढायची, दाणे धुवायचे, उन्हात दिवसचे दिवस वाळवायचे, वरचे टरफल कांडून काढायचे. तोवर दाणा फिकट हिरवाच राहतो. कढईत भाजला की मग तो रंग आणि तो वास. आमचे हे सगळे लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "कापसासारखेच आहे. झाडावर असते ते वेगळे, आणि गिऱ्हाइकाला मिळते ते वेगळे. मधले हात कोणी बघत नाही."

चिखलदऱ्यातली कॉफी थोडी आहे. कर्नाटकातल्या चिकमगळूर-कोडगूशी तिची तुलना करू नये. दुकानात पुडी मिळते, ती घ्यावी. त्याहून जास्त नाव इथल्या रबडीचे. गवळी लोकांचा हा मुलूख, म्हशी राखून दूध आटवणारा. इथला किल्लासुद्धा गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन झाला. तटावर आता गवत माजले आहे. पंचबोल पॉइंटला दरीत हाक मारली की पाच वेळा उत्तर येते म्हणतात. नातीने जोरात "जयभीम" म्हणून हाक दिली. आम्ही तीन मोजले, विहीणबाई म्हणाल्या चार.

पण चिखलदऱ्याहून नुसती रबडी खाऊन परत यावे असे ते ठिकाण नाही. हा मेळघाट आहे. कोरकू आदिवासींचा मुलूख. त्यांची बोली मराठीची बहीण नव्हे; ती मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, विधानसभेत गदारोळ झाला, मंत्र्यांच्या गाड्या घाट चढून आल्या. त्याआधीपासून धारणीकडच्या बैरागडला डॉक्टर रवींद्र आणि स्मिता कोल्हे हे दांपत्य दवाखाना चालवत होते. दोघांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पण एका दवाखान्याने सगळा डोंगर बरा होत नाही. रस्त्याच्या कडेला मोळ्या घेऊन चाललेल्या बायका पाहिल्या, त्यांच्या पोरांचे हातपाय पाहिले. १९७४ साली वाघांसाठी हे जंगल राखले गेले आणि पुढे आतली काही गावे उठवून बाहेर वसवली गेली. वाघ हवाच. पण गाव उठते म्हणजे काय, हे गिरणगावातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आमचे हे त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत.

नागपूरला एकच दिवस होता. गर्दी नसलेली दीक्षाभूमी मी पहिल्यांदाच पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला विहीणबाईंचे वडील तिथे होते. पांढरा सदरा उसना आणून गेले होते, असे त्यांनी सांगितले. त्या मोठ्या स्तूपाच्या आत, जो १८ डिसेंबर २००१ ला खुला झाला, आम्ही सहा जण अर्धा तास नुसते बसून राहिलो. कोणी ढकलले नाही, कोणी "चला, पुढे चला" म्हटले नाही. नेहमी जाणाऱ्यांनीसुद्धा एकदा असे जाऊन यावे. मग ह्यांच्या हट्टापायी एम्प्रेस मिलच्या जागेवर गेलो. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी. ती बंद पडून वीस वर्षे उलटून गेली आहेत. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर झाले, तोच खाक्या इथेही.

व्याही-विहीणबाई आमच्याबरोबरच मुंबईला आले. विहीणबाईंनी समुद्र पाहिला नव्हता असे नाही. चार वेळा सहा डिसेंबरला दादरला आल्या होत्या. पण तो रांगेतून पाहिलेला समुद्र. त्या म्हणाल्या, "दर्शन घेतलं का मांगून ढकलत, मंग पार्कात जेवण, मंग गाडी. पाण्यात पाय घालाले कधी भेटलंच नाही."

दोन दिवसांनी एस. टी.ने कोकणात उतरलो. मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.त अर्धे तिकीट आहे, आणि पासष्टीच्या पुढच्या पुरुषांनाही. आम्ही चार बायका आणि दोन म्हातारे, म्हणजे सहाच्या सहा जण अर्ध्या तिकिटात. व्याही आयुष्यभर एस. टी.त राबलेले. ते कंडक्टरला म्हणाले, "आमच्या काळात अशी सवलत असती तर गाड्यांचे टप कमी पडले असते."

महाडला उतरून चवदार तळे पाहिले. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन वाचकांना पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगते की महाडला जाणाऱ्यांनी हमरस्त्यालगतची गांधारपाले लेणी चुकवू नयेत. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून मी अर्ध्यावर बसले. बाकीचे वर जाऊन आले. तळ्याकाठी पाण्यासाठी मार खाल्लेल्यांना, समोरच्या डोंगरात बुद्धाची लेणी शेकडो वर्षे उभी आहेत हे दिसत असेल का, असे बसल्या बसल्या मनात आले.

मुक्काम दापोलीकडच्या किनाऱ्यावर करायचा होता. तिथे आता घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत. सूनबाईने एका ठिकाणी फोन केला. खोली आहे, जेवण मिळेल, दर अमुक, सगळे ठरले. मग पलीकडून विचारले, "आडनाव काय?" तिने सांगितले. "थांबा, बघून मागाहून कळवतो." मागाहून कोणी कळवले नाही. तासाभराने तिने पुन्हा फोन केला तर खोल्या भरलेल्या. नात ऐकत होती. "आडनावाचे ते काय करतात?" तिने विचारले. आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे बघत राहिलो. सूनबाईने मात्र न अडखळता सांगितले, "जात शोधतात. खोली देणे न देणे त्यांच्या हातात आहे, पण आडनाव लपवणे आपल्या हातात नाही. आणि आपण ते लपवायचेही नाही. दुसरीकडे विचारू."

दुसरी खोली हर्णैकडे एका कोळी बाईच्या घरी मिळाली. तिने आधार कार्ड पाहिले आणि एकच अट घातली, की नळ उघडा टाकायचा नाही. रात्री बांगड्याचे तिखले आणि तांदळाची भाकरी. विहीणबाईंना मासळीची सवय नाही. त्यांनी काट्यांच्या धाकाने दोनच घास खाल्ले. व्याही मात्र तीन बांगडे संपवून उठले.

ज्या भगिनींना असे जायचे असेल त्यांनी फोनवर आडनाव आपणहून आधीच सांगावे, असे मी म्हणेन. ज्याला नको असेल तो तिथेच गळतो, आणि सामान घेऊन दारात उभे राहण्याची पाळी येत नाही. पण या एका गोष्टीसाठी जाणे टाळू नये. किनारा कोणाच्या बापाचा नाही.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी वाळूवरच होतो. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी काठावर येते, ओणवून ठेवलेल्या टोपल्यांभोवती बायका-पुरुषांचे कोंडाळे जमते आणि बोली सुरू होते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. विहीणबाई लुगडे घोट्यापर्यंत उचलून पाण्यात गेल्या त्या दिवेलागणीपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. "बाप्पा, पाय खालची माती पळते व!" असे ओरडून त्या सूनबाईचा हात धरत होत्या. मायलेकींना इतके हसताना मी पंधरा वर्षांत पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दापोलीजवळच्या वणंदला गेलो, रमाईच्या माहेरी. ७ फेब्रुवारी १८९८ चा रमाईचा जन्म. याच दापोलीत लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याआधी दहा वर्षे, १८८८ साली, 'विटाळ विध्वंसन' लिहिले होते. त्याच वर्षी कॉफीच्या मळ्यांचा देश ब्राझील याने गुलामगिरी कायद्याने बंद केली. नातीने आपल्या वहीत ही दोन्ही सने एकाखाली एक लिहून ठेवली. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. म्हणून वणंदहून आम्ही दाभोळला उतरलो.

दाभोळ वाशिष्ठी नदीच्या मुखावर आहे. एके काळी परदेशी गलबतांनी गजबजलेले बंदर. त्या वैभवाची खूण म्हणून आदिलशाहीतली दगडी मशीद अजून उभी आहे. आता धक्क्यावर मासेमारीच्या होड्या आणि पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट. माणसेच काय, मोटारी आणि ट्रकही पोटात घेऊन ती नदी ओलांडते. माझ्या सासूबाई लग्न होऊन बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरल्या होत्या. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडून सहाशेवर माणसे गेली. त्यानंतर त्या जन्मात बोटीत बसल्या नाहीत, आणि लेकालाही बसू दिले नाही.

धक्क्यावर एका कोळणीची भरलेली टोपली पडली होती. विहीणबाईंनी विचारले, "उचलून पाहू का?" ती हसली, म्हणाली, "पाहा की." एकट्याने टोपली जागची हलेना. व्याह्यांनी दुसरी कड धरली तेव्हा गुडघ्यापर्यंत आली, आणि खारट पाणी त्यांच्या पायजम्यावर सांडले. धक्का, चढण, मग बाजार, आणि दिवसातून किती खेपा कोण जाणे. विहीणबाई टोपली खाली ठेवून बराच वेळ तिथेच, ओल्या दगडावर बसून होत्या.

फेरीबोटीत आम्ही सगळे चढलो. आमचे हे मधोमध, एका ट्रकच्या चाकाशेजारी, दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. नात त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे उतरून चहा घेतला आणि परतीच्या फेरीने माघारी आलो. येताना त्यांनी एका हातानेच कठडा धरला होता.

निघताना विहीणबाईंनी दोन किलो सुका जवळा घेतला. अमरावतीला शेजारणींना वाटायचा म्हणाल्या. मी सांगून पाहिले की रात्रभर गाडीच्या डब्यात वास सुटेल, लोक भांडतील. त्यांनी ऐकले नाही. व्याह्यांनी तीन पिशव्या एकात एक घालून, वर सुतळीच्या गाठी मारून ते गाठोडे स्वतःच्या उशाशी ठेवले.